अजिंठा की वेरूळ? परिषदेनंतरच्या एका मोकळ्या दिवसासाठी

छत्रपती संभाजीनगरात परिषद भरली की दुसऱ्या दिवशीच्या चहाला कुणीतरी हमखास जवळ येतं आणि विचारतं, "मॅडम, उद्या दुपारचं सत्र सोडलं तर अजिंठा-वेरूळ होईल ना?" गेली कित्येक वर्षं मी पाहुण्यांच्या राहण्या-फिरण्याची व्यवस्था बघते आणि दर वर्षी याच प्रश्नाला उत्तर देते. आपण ही दोन नावं इतकी जोडून घेतो की एका आवारातल्या दोन इमारती असाव्यात तसं वाटायला लागतं. शाळेच्या पुस्तकात ती एका ओळीत, जागतिक वारशाच्या यादीत दोन्ही एकाच वर्षी, १९८३ साली. मग समज होतो की एक बघितलं की दुसरं कोपऱ्यावरच असणार.

तसं ते नाही. वेरूळ आहे शहराच्या वायव्येला, दौलताबाद आणि खुलताबादवरून गेलं की साधारण ३० किलोमीटरवर. अजिंठा ईशान्येला, जळगावच्या रस्त्याने फुलंब्री, सिल्लोड करत घाट उतरून गेलं की जवळपास १०० किलोमीटरवर. एकाकडून दुसरीकडे जायचं तर बहुतेकांना परत शहराकडेच यावं लागतं. दोन्ही एका दिवसात दाखवतो म्हणणारे गाडीवाले भेटतात. त्यांच्याबरोबर गेलेले पाहुणे संध्याकाळी दमून परततात, आणि सांगायला त्यांच्याकडे रस्त्याच्या गोष्टी जास्त असतात, लेण्यांच्या कमी. म्हणून मी स्पष्टच सांगते: एका दिवसात एकच.

निवडीची पहिली कसोटी वाराची. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. एका वर्षी परिषद रविवारी संपली, सात-आठ पाहुणे सोमवारी पहाटे उठून अजिंठ्याला निघाले आणि लेण्यांजवळच्या फर्दापूरला पोचल्यावर त्यांना कळलं. परतीच्या गाड्या संध्याकाळच्या, त्यामुळे वेरूळही हुकलं. तेव्हापासून परिषदेच्या पिशवीत जाणाऱ्या कागदावर ही ओळ सगळ्यांत वर छापायचा मी आग्रह धरते.

अजिंठ्याला एसटीने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अजिंठा नावाचं गाव घाटाच्या वर आहे आणि लेणी घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला. गावाचं नाव ऐकून उतरलात तर लेणी अजून कितीतरी लांब असतात. फर्दापूर फाट्यावरच उतरायचं. तिथून लेण्यांपर्यंतच्या चार किलोमीटरसाठी वेगळ्या बस असतात, खासगी गाड्या फाट्यापाशीच ठेवाव्या लागतात. वेरूळला ही भानगड नाही, लेणी गावाला लागूनच आहेत.

पुढचा गोंधळ आकड्यांचा. जाऊन आलेले लोक "सोळा नंबर चुकवू नका" असं सांगतात, पण कुठलं सोळा ते सांगत नाहीत. वेरूळचं सोळा म्हणजे कैलासाचं देऊळ. अजिंठ्याचं सोळा म्हणजे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलेला विहार, म्हणजे भिक्षूंचं निवासस्थान, चित्रांचा. दहाचंही तसंच. अजिंठ्याचं दहा नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. वेरूळचं दहा अजिंठ्याच्या दहानंतर काही शतकांनी कोरलेलं, विश्वकर्मा किंवा 'सुतार की झोपडी' म्हणून ओळखलं जाणारं. त्याच्या दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत. दोन्ही चैत्यगृहंच, पण मधल्या काळात बौद्ध धर्म किती बदलला ते या दोन दहा नंबरांत दिसतं: अजिंठ्याच्या दहात स्तूप साधा, बुद्धाची मूर्ती नसलेला, वेरूळच्या दहात स्तूपासमोर पाय सोडून बसलेला भव्य बुद्ध.

क्रमांकांचा अर्थही दोन्हीकडे निराळा. वेरूळला पाहायला मिळणारी लेणी ३४. त्यांतली १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. आकडा कळला की धर्म कळतो. काळाचा क्रम मात्र त्यावरून लावू नका, कारण काही हिंदू लेणी बौद्ध लेण्यांच्याही आधीची मानली जातात. अजिंठ्याची तीसेक लेणी सगळी बौद्ध, आणि आकडे फक्त प्रवेशाकडून ओळीने टाकलेले. पहिलं लेणं पाचव्या शतकातलं आणि ओळीच्या मध्यातली नऊ-दहा त्याच्या पाचशे वर्षं आधीची, असा उलटा प्रकार तिथे आहे. जुनी लेणी सातवाहनांच्या काळातली. मग मोठा खंड पडला, आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या राज्यात थोड्या वर्षांत कामाचा लोंढा आला. तो थांबला तेव्हा कैलास कोरायला अजून अडीचशे-तीनशे वर्षं होती. म्हणजे ही लेणी समकालीनही नाहीत.

खरा फरक मात्र डोंगराचा आहे, आणि मला वाटतं तो एकदा लक्षात आला की दोन्ही जागा पुन्हा कधी मिसळत नाहीत. दगड दोन्हीकडे एकच, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. पण अजिंठ्याला वाघोरा नदीने नालेच्या आकाराचं वळण घेत डोंगर उभा कापला आहे. सरळ कड्यात कोरायचं तर एकच दिशा उरते: आत. म्हणून अजिंठ्याचं लेणं खोल आणि अंधारं, आणि त्या अंधारानेच चित्रं जपली. वेरूळचा डोंगर उतरता आहे. उतारावर समोरून कोरता येतं, पुढे अंगण सोडता येतं, आणि हिंमत असेल तर वरून खालीही उतरता येतं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, ती हिंमत झाली. तीन बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून खाली येत त्याचं देऊळ घडवलं, तेच कैलास. कळस आधी, जोतं शेवटी. चुकीला जागा नाही, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही. जवळजवळ ३० मीटर उंच देवळाच्या अंगणात उभं राहिलं की हे सगळं मुळात डोंगर होतं ही गोष्ट पटायला वेळ लागतो.

त्यामुळे बघण्याची रीतही बदलते. अजिंठ्याला थांबावं लागतं. उन्हातून आत गेल्यावर पहिली चार-पाच मिनिटं काहीच दिसत नाही, आणि नेमकं त्याच वेळी लोक "काही नाही हो इथे" म्हणत बाहेर पडतात. डोळे सरावू द्या. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू उमटतो: झुकलेली पापणी, हातात निळं कमळ. तो निळा रंग ज्या दगडाचा, तो हिंदुस्थानाबाहेरून आला होता. माती, भाताचं तूस आणि गवताचे धागे यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर त्यावर रंग. चित्रांवर जी पिवळट छटा दिसते ती मूळची नव्हे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा बसवला आणि चित्रं वाचवली, पण वर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. हे माहीत असलं की आपण त्या पडद्याआडचा रंग शोधायला लागतो.

वेळ कमी असेल तर १, २, १६, १७, १९ आणि २६ एवढीच बघा, पण नीट. सतराव्यातल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, रांगेने वाचता येतात, तिथे मार्गदर्शक सोबत असलेला बरा. सव्विसाव्यात डाव्या भिंतीला सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध पहुडला आहे, खाली रडणारे शिष्य आणि वर वाद्यं वाजवणारे गंधर्व. एकाच प्रसंगाचं दुःख आणि स्वागत एका दगडात आलेलं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. शेवटच्या लेण्यापर्यंत पोचेस्तो बरेच जण कंटाळतात आणि नेमकं हेच सोडतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पायऱ्या आहेत, प्रत्येक लेण्याबाहेर चप्पल काढावी लागते, फ्लॅशला मनाई आहे. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते. संकोच करू नका.

वेरूळला थांबण्यापेक्षा फिरावं लागतं. कैलासाला समोरून, मग प्रदक्षिणेच्या ओवऱ्यांतून, मग बाजूच्या टेकडीवर चढून वरून. वरून बघितल्याशिवाय तो कसा कोरला ते कळत नाही. दक्षिणेच्या अंगाला कैलास पर्वत हलवणारा रावण आहे, त्याच्यापाशी रेंगाळा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणून दुपारनंतरचा उजेड चांगला. जैन लेणी बरीच उत्तरेला आहेत, चालत जाण्यापेक्षा गाडीने जावं, पण ३२ नंबरची इंद्रसभा वगळू नये. पाऊस नुकताच संपला असेल तर २९ नंबरच्या धुमार लेण्याजवळचा धबधबाही मिळतो. अजिंठा जगाच्या विस्मरणात गेलं तसं वेरूळ कधी गेलं नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा मुक्काम इथल्या लेण्यांत होता, भोसल्यांचं घराणं याच गावचं, आणि लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं घृष्णेश्वराचं देऊळ आहे. तिथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे आधी सांगितलेलं बरं.

मग कुठे जायचं? अर्धाच दिवस हातात असेल तर विचार न करता वेरूळ. सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तरीही वेरूळ. पूर्ण दिवस मोकळा असेल तर मी अजिंठा सुचवते, कारण वेरूळला पुन्हा येणं सहज घडतं आणि अजिंठ्याला मुद्दाम यावं लागतं. जळगावहून रेल्वेने परतणाऱ्यांना तर अजिंठा वाटेवरच पडतं, तिथून जळगाव ६० किलोमीटर.

जेवणाचं गणितही या दोन रस्त्यांप्रमाणे वेगळं. अजिंठ्याला लेण्यांच्या ओळीत खायला काही मिळत नाही, पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि न्याहारी पोटभर करून निघा. तो मुलूख खानदेशाला टेकलेला आहे. रस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी किंवा हिवाळ्यात वांग्याचं भरीत मागा, बरोबर भाकरी आणि ठेचा. पनीरचं काहीतरी मागवून ही संधी घालवू नका. वेरूळहून दुपारी उशिरा परत शहरात येता येतं, तेव्हा भूक राखून ठेवा आणि संध्याकाळी जुन्या शहरात नान-कलिया खा. पाहुणे इथेही फसतात: त्यांना वाटतं नान म्हणजे पंजाबी हॉटेलात मिळतो तो. हा नान जाड, मऊ आणि मोठा असतो, मटणाच्या मसालेदार कलियात बुडवून खायचा. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ आला, असं इथे सांगतात. दिवाळीच्या आसपास आलात तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या दिसतील. घरी न्यायला कच्ची घ्या, गाडीत खायला पिकलेली.

खरेदी करणार असाल तर हिमरू आणि पैठणी यांत गल्लत करू नका. हिमरू सूत आणि रेशमाचा, उलट बाजूला सुटे धागे दिसतात. शाली, स्टोल त्याचे. पैठणी रेशीम आणि जरीची, अस्सल असेल तर पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. दुकानदारासमोर पदर उलटून बघायला लाजू नये.

आणि ज्यांना एकही दिवस मोकळा नाही, त्यांच्यासाठी शहराची स्वतःची लेणी आहेत. बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या बाजूच्या डोंगरात. मकबऱ्यापर्यंत सगळे जातात आणि तिथून परत फिरतात, तर ही लेणी तिथून दोनेक किलोमीटरवर. सकाळी लवकर निघालात तर दहाच्या सत्राला वेळेवर पोचता. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष कोरलेले आहेत, जवळजवळ माणसाएवढे. केसांच्या बटा, गळ्यातल्या माळा, कुणाचे जोडलेले हात, कुणाची किंचित वर झालेली मान. सकाळी तिथे बहुधा कुणीच नसतं, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायला जागा असते.