रॅननक्युलस : बहरानंतरची निगा (सोलापूर परिसर)

रॅननक्युलस एशियाटिकस ही पूर्व भूमध्य प्रदेश व नैर्ऋत्य आशियातील कंदवर्गीय वनस्पती. तिच्या मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो; त्यामुळे ती थंडीत वाढते, वसंतात फुलते आणि उन्हाळाभर जमिनीखाली सुप्त राहते. सोलापुरात हिवाळा कोरडा आणि पाऊस जून ते सप्टेंबर. सुप्त कंद कोरड्या मातीतला उन्हाळा निभावून नेईल, पण पावसाळी ओलीत सडतो. म्हणून इथली सारी निगा मृगाआधी कंद घरात आणण्यासाठी असते.

मार्चमध्ये उन्हे तापली की बहर ओसरतो. सुकलेली फुले देठासह खुडावीत, म्हणजे बी धरण्यात झाडाची शक्ती जात नाही. पाने मात्र कापू नयेत. कुंडी उजाड दिसते म्हणून हिरवी पाने छाटणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. पुढच्या वर्षीचा कंद याच पानांवर भरतो. दुपारचे ऊन अडवले तर पाने आणखी काही दिवस टिकतात. नत्रयुक्त खत देऊ नये. पालाशासाठी राख टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण इथल्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीला ती मानवत नाही. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावे आणि ती वाळल्यावर बंद करावे.

कंद काढण्याचे काम नाजूक आहे. खेकड्याच्या नांग्यांसारखी त्याची बोटे चटकन मोडतात. काळी माती पूर्ण वाळली की दगडासारखी आवळते, म्हणून जमिनीतले कंद किंचित वाफसा असतानाच खुरप्याने सैल करून काढावेत. कोकोपीट व वाळूच्या कुंडीत हा त्रास नाही; कुंडी पालथी केली की झाले. ताज्या पानांच्या रसातील प्रोटोॲनिमोनिनमुळे त्वचेची आग होते, तेव्हा हातमोजे घालावेत आणि हिरवा पाला शेळ्यांपुढे टाकू नये.

कंद न धुता माती झटकून सावलीत वाळवावेत. पत्र्यावर किंवा गच्चीवर नकोत. मग ते कागदी पिशवीत किंवा कोरड्या वाळूत, घरातल्या सर्वांत थंड व हवेशीर कोपऱ्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पावसाळ्यात अधूनमधून पाहून मऊ पडलेले कंद वेगळे करावेत.

थंडीची चाहूल लागल्यावर, साधारण दिवाळीच्या सुमारास, कंद तीन-चार तास पाण्यात भिजवून बोटे खाली करून लावतात. रात्रभर भिजवल्यास ते कुजण्याचा धोका असतो. सोलापुरात पाने लवकर वाळत असल्याने जपलेले कंद बरेचदा पुरेसे भरलेले नसतात आणि दुसऱ्या वर्षीचा बहर विरळ येतो. दरवर्षी नवे कंद विकत आणणे त्यामुळे इथे अव्यवहार्य म्हणता येत नाही.