शंका आलेला धर्मगुरू आणि ढोंगी धर्मगुरू: बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून हा गोंधळ

मागच्या वर्षी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो, पिंड ठेवून झाले होते आणि कावळा काही शिवत नव्हता, सगळे नुसते गप्प उभे. तेव्हा मी गुरुजींना हळूच विचारलं, "गुरुजी, हे खरंच पोचतं का हो दादांपर्यंत?" ते थोडा वेळ नदीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या वडिलांचं करताना मलाही हेच वाटलं होतं. तरी केलं." एवढंच. मग म्हणाले, दर्भाचा कावळा करून ठेवू, आणि कामाला लागले.

परत येताना गाडीत चुलतभाऊ भडकला. म्हणाला, बघितलंस ना, ह्यांचाच विश्वास नाही आणि आपल्याकडून दक्षिणा घेतात, सगळे ढोंगी. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण मला ते गुरुजी ढोंगी वाटले नव्हते, उलट त्या दिवसात माझ्याशी खरं बोललेला तो एकच माणूस होता असं वाटलं. धर्मगुरू जे शिकवतात ते त्यांना स्वतःला पटतं का, हा प्रश्न निघाला की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो, एक ढोंग आणि एक शंका. दोन्हीत तोंड एक सांगतं आणि मन वेगळं, हे मान्य, पण सारखेपणा तिथेच संपतो.

आधी ढोंग घेऊ, कारण ते समजायला सोपं आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात पीटर पॉपॉफ नावाचा एक टीव्हीवरचा प्रचारक फार गाजला होता. भरलेल्या सभेत तो कुठल्याही अनोळखी माणसासमोर उभा राहायचा आणि त्याचं नाव, पत्ता, आजार सगळं सांगायचा, म्हणायचा देवच मला सांगतोय. लोक रडायचे, काठ्या टाकून द्यायचे. १९८६ मध्ये जेम्स रँडी ह्या जादूगाराच्या टीमने सभेच्या जागी रेडिओ स्कॅनर लावला आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफच्या बायकोचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरून ती माहिती वाचून दाखवत होती आणि ह्याच्या कानात रिसीव्हर होता. ती टेप जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये सगळ्या देशाने ऐकली, पुढच्या वर्षी पॉपॉफने दिवाळं काढलं.

इथे मनात शिरून बघायची गरजच पडत नाही. देव आपल्याशी बोलतो अशी ज्याची खात्री आहे तो कानात मशीन घालून उभा राहणार नाही. ढोंग ओळखायचं ते असं, त्याला व्यवस्था लागते, कुणीतरी आत बसून कार्डं वाचावी लागतात, आणि ती व्यवस्था भक्तापासून लपवावी लागते.

आता शंका बघा. मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात संस्था सुरू केली आणि साधारण त्याच काळापासून १९९७ मध्ये जाईपर्यंत, मधला १९५८ मधला थोडासा काळ सोडला तर, त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षं. हे जगाला कळलं २००७ मध्ये, त्यांची पत्रं प्रसिद्ध झाल्यावर. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी एका फादरला लिहिलं होतं की शांतता आणि रितेपणा इतका मोठा आहे की बघते पण दिसत नाही, ऐकते पण ऐकू येत नाही, आणि त्याच डिसेंबरात ऑस्लोला नोबेल घेताना त्या गरिबांमधल्या ख्रिस्ताबद्दल बोलल्या. पत्रं आली तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं की पकडल्या गेल्या, आतून नास्तिकच होत्या.

मला हे पटत नाही आणि मी मुळीच त्यांचा भक्त नाही, त्यांच्या कामाबद्दलचे काही आक्षेप मला योग्यच वाटतात. पण ही पत्रं कुणाला लिहिलेली होती ते बघा. वरिष्ठांना, आणि ज्यांच्यापाशी मन मोकळं करायचं अशा फादर लोकांना. त्यातले एक जोसेफ न्यूनर, ऑस्ट्रियाहून आलेले जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे फादर, पुण्यात राहून शिकवणारे. १९६१ च्या सुमाराला तेरेसांनी त्यांना सगळं सांगितलं आणि न्यूनर म्हणाले की देवाची इतकी ओढ लागलेली आहे हीच तो असल्याची खूण. हे उत्तर पटवून घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं, मला ते थोडं सोयीचं वाटतं, पण मुद्दा असा की ती बाई ज्यांना विचारायला हवं त्यांनाच विचारत होती, आणि पहाटे उठून त्याच कामाला जात होती. शंकेचं ओझं तिच्या स्वतःच्या डोक्यावर होतं. पॉपॉफच्या खेळात ओझं कुणावर होतं? काठी टाकून दिलेल्या पेशंटवर.

आपल्याकडे तर हे अजिबात नवीन नाही. तुकोबा एका अभंगात सरळ "माझे लेखीं देव मेला" म्हणतात, देवाशी भांडून संबंध तोडल्यासारखं, आणि तो अभंग वारकऱ्यांनी लपवला नाही, गाथेत आहे. त्यावरून तुकोबा ढोंगी होते असं कुणी म्हणत नाही.

बरं, पण खरी अडचण मधल्या माणसांची आहे, ज्यांचा विश्वास पूर्ण उडालाय आणि तरी ते गादीवर आहेत. फ्रान्समध्ये एत्रेपिन्यी नावाच्या खेड्यात जाँ मेलिए नावाचे पाद्री होते, १६८९ पासून १७२९ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षं एकाच गावात. बाप्तिस्मा, लग्न, मयत, रविवारची प्रार्थना, सगळं नेमाने. मेल्यावर घरात हाताने लिहिलेल्या जाड वहीच्या तीन प्रती निघाल्या आणि त्यात लिहिलेलं की देव नाही, धर्म म्हणजे राजे आणि जमीनदारांनी गरिबांना दाबायला वापरलेली वस्तू, आणि मी तुम्हाला इतकी वर्षं खोटं शिकवत राहिलो त्याबद्दल गावकऱ्यांनो मला माफ करा. ह्या माणसाला काय म्हणायचं? त्याने खोटं सांगितलं, चाळीस वर्षं सांगितलं, पगार घेतला. पण हाच माणूस शेतकऱ्यांना छळणाऱ्या जमीनदाराच्या विरोधात चर्चमध्ये उभा राहून बोलला आणि आर्चबिशपची बोलणी खाल्ली. आणि खरं बोलला असता तर त्या काळात जीव गेला असता. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही पण निर्दोषही म्हणवत नाही, कारण ज्या आयांनी पोरं पुरताना त्यांचा शब्द धरला त्यांना ती वही कधीच वाचता आली नाही.

आजच्या काळात जीव जात नाही, पण घर जातं. २०१० मध्ये तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट आणि लिंडा लास्कोला ह्यांनी अमेरिकेतल्या विश्वास उडालेल्या पाच प्रोटेस्टंट पाद्र्यांशी बोलून लिहिलं होतं, आणि ते वाचताना राग कमी आणि कीव जास्त येते, पन्नाशीला आलेला माणूस, दुसरं काही काम येत नाही, बायकोला काय सांगायचं, आणि ज्यांच्या सुखदुःखात वीस वर्षं काढली ती माणसं एका दिवसात तुटणार. ही भीती आहे, ह्याला फसवणूक म्हणताना माझी जीभ अडखळते. तरी एक उदाहरण सांगतोच, आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास गेला नव्हता, पण मिशनच्या चौकटीत तो मावेनासा झाला, तर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि देवाचा दरबार सुरू केला. दोनच वर्षांनी गेले. मन आणि पगार वेगळ्या वाटेला लागले तेव्हा त्यांनी पगार सोडला, सगळ्यांना जमत नाही.

आता घाटावरच्या गुरुजींकडे येतो, कारण तिथे आणखी एक घोळ आहे. "तुमचा विश्वास आहे का" हा प्रश्न पाद्र्याला विचारणं आणि क्रिया सांगणाऱ्या गुरुजींना विचारणं ह्यात फरक आहे. पाद्री चर्चमध्ये उभं राहून "मी मानतो" असं म्हणतो, ते त्याच्या कामातच आहे. गुरुजींचं काम मंत्र बरोबर म्हणणं आणि विधी नीट करून घेणं. आपल्या पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदांतल्या विधींचा विचार करणाऱ्या दर्शनात, तर जग निर्माण करणारा ईश्वर मानलेलाच नाही, तरी यज्ञाचं सगळं शास्त्र त्यांनीच बारकाईने लावलं. आणि गंमत म्हणजे ख्रिश्चनांमध्येही चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत ह्यावर मोठं भांडण झालं, छळाच्या काळात कच खाल्लेल्या बिशपने दिलेली दीक्षा चालते का, डोनॅटिस्ट नावाचा कडक गट म्हणाला नाही चालत, बिशप ऑगस्टीन म्हणाले चालते, ती देणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नाही. म्हणजे चुलतभावाचा प्रश्न सोळाशे वर्षं जुना आहे. गुरुजींनी दादांची क्रिया पोचल्याची गॅरंटी दिली नव्हती, पोचवून देतो म्हणून जास्तीचे पैसेही मागितले नव्हते. तसं मागितलं असतं तर मीच भावाच्या बाजूने बोललो असतो.

आणि काही माणसं अशी की ती दोन्हीकडे असतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्युटल लोकांमधल्या क्वेसालिदची हकीकत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस ह्यांनी नोंदवून ठेवलीय. हा माणूस शामानांचं, म्हणजे तिकडच्या वैदू-भगतांचं, बिंग फोडायचं म्हणून त्यांच्याकडे शिकायला गेला. तोंडात पिसांचा कापूस लपवायचा, जीभ चावून तो रक्तात भिजवायचा आणि हा बघा आजार बाहेर काढला म्हणून दाखवायचा, ही युक्ती शिकला. मग एका आजाऱ्याने स्वप्नात ह्यालाच बघितलं म्हणून बोलावलं, ह्याने ती युक्ती केली आणि पेशंट बरा झाला. पुढे शेजारच्या टोळीचे शामान नुसतं थुंकी दाखवायचे, त्यांच्याकडून बरी न झालेली बाई ह्याच्या हातून बरी झाली. तो मोठा शामान झाला, आणि युक्ती युक्तीच आहे हे माहीत असूनही आपल्या विद्येचा त्याला अभिमान वाटू लागला. ह्याला कुठल्या बाजूला ठेवायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र भावाला सांगायचीच आहे, ती म्हणजे मनापासून मानणारा माणूस सुरक्षित असतो हे गृहीत धरू नको. हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन रेडिओ प्रचारकाने सांगितलं होतं की २१ मे २०११ ला प्रलयाची सुरुवात होणार, देशभर होर्डिंग लागली. माझ्या मते त्याचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त माणसाने आयुष्यभराच्या बचतीतले सुमारे १,४०,००० डॉलर ह्याच्या जाहिरातींवर घातले आणि त्या संध्याकाळी तो टाइम्स स्क्वेअरमध्ये उभा राहून वाट बघत राहिला. काही झालं नाही. कॅम्पिंगने तारीख ऑक्टोबरवर ढकलली, तीही गेली, आणि मार्च २०१२ मध्ये त्याने जाहीर पत्र लिहून आपण चुकलो, तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं.

पॉपॉफ काय करत होता माहितीय त्या वर्षांत? तो परत टीव्हीवर आला होता, लोकांना घरी टपालाने चमत्कारी पाण्याच्या छोट्या पुड्या पाठवत होता, आणि मागोमाग पैसे मागणारी पत्रं.