फॅसिझम कोणत्या बाकावर बसला?

फॅसिझम डावा की उजवा, हा वाद निघाला की मुसोलिनीचं समाजवादी पूर्वायुष्य हमखास पुढे येतं. ते खरंच आहे. १९१२ ते १९१४ तो इटलीच्या समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या दैनिकाचा संपादक होता. महायुद्धात उतरा, असा धोशा त्याने लावला म्हणून पक्षाने त्याला काढलं. मार्च १९१९मध्ये मिलानला त्याने नवी फॅसिस्ट संघटना उभी केली. तिच्या जाहीरनाम्यात आठ तासांचा दिवस, किमान वेतन, स्त्रियांना मताधिकार, भांडवलावर जबर कर, सगळं होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत जागा मात्र एकही मिळाली नाही.

खरी कलाटणी उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात मिळाली. तिथे कोणत्या मजुराला काम द्यायचं हे समाजवादी शेतमजूर संघटना ठरवत, आणि जमीनदार त्याने धुमसत होते. १९२०च्या अखेरीपासून काळ्या सदऱ्यांतल्या फॅसिस्ट टोळ्या ट्रक भरून गावोगाव जाऊ लागल्या. संघटनांच्या कचेऱ्या जाळायच्या, पुढाऱ्यांना बडवायचं, वर बळजबरीने एरंडेल पाजायचं. पैसा जमीनदारांचा, पोलिसांची बहुधा डोळेझाक. जाहीरनामा कधी बासनात गेला ते कुणी विचारलंही नाही.

डावे-उजवे ही विभागणीच मुळात १७८९च्या फ्रेंच सभागृहातल्या बसण्यावरून आलेली. मे १९२१मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जोलित्ती यांच्या आघाडीतून पस्तीसेक फॅसिस्ट निवडून आले आणि सभागृहात अगदी उजवीकडे जाऊन बसले. आपण इथूनच बोलायला उभे आहोत आणि प्रतिगामी भूमिका मांडणार आहोत, हे मुसोलिनीने पहिल्याच भाषणात सांगून टाकलं. इतकी स्पष्ट कबुली असताना आपण कशाला डोकं खाजवायचं?

सत्ता आल्यावर टेलिफोन सेवा खासगी कंपन्यांकडे गेली, १९२६मध्ये संपावर बंदी आली. १९३३नंतर सरकारने बुडत्या बँका आणि कारखाने ताब्यात घेतले, त्याकडे बोट दाखवून ‘हा तर समाजवाद’ असं म्हणणारे आहेत. पण मालकी सरकारकडे गेली तरी कामगाराचा आवाज बंदच राहिला. जर्मनीत नावातच ‘समाजवादी’ असलेल्या नाझी पक्षाने १ मे १९३३ला कामगारदिनाची भरपगारी सुट्टी दिली आणि २ मेला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या.

१९४३मध्ये जर्मनांच्या आधाराने उत्तर इटलीत तग धरून असलेल्या मुसोलिनीने कारखान्यांच्या ‘सामाजिकीकरणा’ची जुनी भाषा पुन्हा काढली. मार्च १९४४मध्ये मिलान-तुरिनच्या कामगारांनी संप केला. त्यातल्या कित्येकांची रवानगी जर्मन छावण्यांत झाली.