सालदाराच्या करारात नसलेली बाई

खानदेशात सालदाराची, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याची, बोली आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होई. धान्य किती, रोकड किती, हे ठरे ते पुरुषाशी. त्याची भाकरी थापणारी, लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणारी बाई त्या बोलीत नसे. पण तिच्याशिवाय तो वर्षभर राबूच शकला नसता. तिला स्वतःची मजुरी मिळे ती निंदणीला आणि कापूस वेचायला. वेचणीचा हिशेब आजही किलोवर होतो. तान्हं मूल घेऊन आलेल्या बाईच्या कापसाचं वजन कमी भरतं, म्हणजे मूल सांभाळण्याची किंमत तिच्याच मजुरीतून कापली जाते.

१९७२च्या सुमारास आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि शेतमजुरांची श्रमिक संघटना यांच्या लढ्यात आदिवासी बाया पुढे आल्या. जमीन आणि मजुरीबरोबर त्यांनी दारूचा प्रश्न लावून धरला, गुत्त्यांवर चालून गेल्या. घर चालवण्याचा भार चळवळीच्या मागण्यांत आणला तो या बायांनी, आणि त्याचं पुरेसं श्रेय त्यांना अजून मिळालेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

१९७२च्याच दुष्काळातून राज्याची रोजगार हमी उभी राहिली, कायदा १९७७चा. पुढे २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात एक मोलाची तरतूद आली. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांतल्याच एकीला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे इतक्या सरळ शब्दांत कायद्याने क्वचितच मान्य केलंय.

एरवी सरकारचा हात आखडताच राहिला. १९७५मध्ये अंगणवाडी आली, २००५मध्ये आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. सेविकेला मानधन, आशाला मुख्यतः कामागणिक मोबदला. कायम नोकरी कुणालाच नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषित बाळांचं वजन घेणं, गरोदर बाईला दवाखान्यात नेणं त्यांच्याच अंगावर. घरी परतल्यावर पुन्हा चूल आहेच. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८.

अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये दिला. खटला गुजरातमधल्या बायांचा होता. त्या निकालात आशा नव्हत्या.