रेझिस्टर ४.७ के का, ५ के का नाही? आकड्यांमागची पार्श्वभूमी

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, ५ के (म्हणजे ५ हजार ओहम) रेझिस्टर, करंटला अडवणारा भाग, मागितला की हातात ४.७ के पडतो, फार तर ५.१ के. कपॅसिटरचं पण तेच, २२, ४७, ४७०. झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड, घ्यायला जा, ५ व्होल्टचा नाही, ५.१ चा आहे. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचा कलर कोड सगळ्यांना पाठ असतो म्हणून त्यात शिरत नाही, पण मुळात हेच आकडे का हे कुणी धड सांगत नाही, कॉलेजात "स्टँडर्ड व्हॅल्यू आहे, लिहून घ्या" यावर विषय संपतो.

कल्पना जुनी आहे, १८७० च्या दशकातली. एका फ्रेंच लष्करी इंजिनीअरने बलूनच्या दोरांचे शेकडो साइझ कमी करून १७ वर आणले, प्रत्येक साइझ आधीच्यापेक्षा ठरावीक पटीने मोठा. तेवढं घ्यायचं आणि पुढे जायचं.

खरी गंमत रेडिओपासून. १९३० च्या आसपासच्या व्हॉल्व्ह रेडिओच्या सर्किटमध्ये ५० के, २५० के, ५०० के असे गोल आकडे दिसतात. पण तेव्हाचा कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर म्हणजे कार्बनची पूड आणि बाइंडर दाबून केलेली कांडी, त्यात नेमकी व्हॅल्यू येणं अवघडच, २० टक्के इकडेतिकडे चालवून घ्यायचे. ५० के म्हणून आणलेला ४० पण भरेल नि ६० पण, मग शेजारी ५५ के वेगळा विकून करायचं काय? म्हणून दोन आकड्यांतलं अंतर टॉलरन्सच्या, म्हणजे चालवून घेतलेल्या या फरकाच्या, हिशोबाने ठेवायचं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ कारखानदारांच्या संघटनेने अशी पद्धत रेझिस्टरला लावली आणि महायुद्धात लष्कराला लागणाऱ्या प्रचंड मालामुळे ती पक्की झाली.

आता वादाची जागा. १९४८ ला स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय समिती बसली तेव्हा १ ते १० मध्ये ५ किंवा १० पायऱ्या घ्याव्यात, म्हणजे त्या फ्रेंच पद्धतीनेच जावं असं समितीला वाटत होतं, बाकी इंजिनीअरिंगशी मेळ बसला असता. पण काही देशांत १२ पायऱ्यांचा माल आधीच बाजारात होता आणि तो बदलणं शक्य नव्हतं, त्यामुळे समितीला १२ वाली यादी घ्यावी लागली. १९५० ला पॅरिसमध्ये मान्य, १९५२ ला छापून आली. थोडक्यात, बाजार आधी ठरला आणि स्टँडर्ड मागून आलं.

बरं, १२ पायऱ्या घेतल्या तर गणित तरी नीट करायचं ना. प्रत्येक पायरी १० च्या बाराव्या मुळाइतकी, म्हणजे साधारण १.२१ पट. आठवी पायरी ४.६४, म्हणजे ४.६ यायला हवं, घेतलं ४.७. सहावी ३.१६, म्हणजे ३.२, घेतलं ३.३. २.६ च्या जागी २.७, ३.८ च्या जागी ३.९, आणि ८.२५ ला तर उलट, खाली ८.२. ५ टक्क्यांसाठीच्या २४ पायऱ्यांच्या यादीत असे एकूण ८ आकडे सरकवलेले आहेत.

यावर नेहमी सांगतात की शेजाऱ्यांच्या टॉलरन्सच्या हद्दी बरोब्बर टेकाव्यात म्हणून असं केलं. २० टक्क्यांत, म्हणजे १०, १५, २२, ३३ अशा ६ पायऱ्यांच्या यादीत, ते मस्त जमतं पण, १० अधिक २० टक्के १२, १५ उणे २० टक्के १२. २२ वर चढून २६.४, ३३ खाली उतरून २६.४. वाचून पटतं. पण ३२ घेतला असता तरी खाली २५.६ पर्यंत गेला असता, म्हणजे फट पडलीच नसती, थोडं एकमेकांवर चढलं असतं इतकंच. आणि ५ टक्क्यांत सगळं फिसकटतं. २४ वरच्या बाजूला २५.२ ला संपतो, २७ खालच्या बाजूला २५.६५ ला सुरू होतो, मध्ये फट. गणिताप्रमाणे २६ ठेवला असता तर ही फट राहिली नसती! माझ्या मते टॉलरन्सचं कारण पायऱ्या किती ठेवायच्या यासाठी ठीक आहे, ४६ चे ४७ का झाले याला ते पुरत नाही, तिथे रुळलेली यादी उचलली असंच दिसतं.

सर्किटला मात्र यातलं फारसं काही जाणवत नाही. ५ व्होल्टवर लाल एलईडीला २२० ओहम लावा, १३-१४ मिलिअँपिअर जातील, ३३० लावा, ९ जातील, उजेडात फरक शोधावा लागतो. अडतं तिथे, जिथे दोन रेझिस्टरचं गुणोत्तर नेमकं लागतं. एलएम३१७ वरून (हा व्होल्टेज रेग्युलेटर, आउटपुट दोन रेझिस्टरवर ठरतं) ५ व्होल्ट काढायचेत आणि २४० ओहम धरला तर दुसरा ७२० हवा, तो मिळत नाही, ७५० लावला की ५.१६ येतात. त्याऐवजी ३३० आणि १ के ची जोडी लावली की ५.०४ वर काम होतं, फक्त आउटपुटला थोडा लोड कायम पाहिजे.

नंतर मेटल फिल्म, म्हणजे धातूच्या पातळ थराचे रेझिस्टर, स्वस्त झाले, १ टक्का सहज मिळायला लागला, आणि ९६ पायऱ्यांची यादी आली, ती तीन आकडी आणि गणिताला धरून. पण यामुळे घोळ वाढलाच, कारण या यादीत ४७ नाहीच, ४६.४ आहे नि ४७.५ आहे. ३३ पण नाही, ३३.२ आहे. तरी ४.७ के एक टक्केवाला दुकानात सर्रास मिळतो कारण सगळ्यांच्या जुन्या डिझाइन तशाच आहेत. आणि गिटारचे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे फिरते रेझिस्टर, अजून २५० के, ५०० के चेच येतात, तिथपर्यंत स्टँडर्ड पोचलंच नाही म्हणायचं.

एसएमडीवर, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावर चिकटवायच्या बारक्या रेझिस्टरवर, तर छपाईच्या तीन-तीन पद्धती एकाच बोर्डवर सापडतात. ४७२ म्हणजे ४.७ के, सोपं आहे. पण २२० छापलं असेल तर तो २२ ओहम, २२० ओहमवर २२१ असतं, आणि चार आकडी छापलं असेल तर २२०० म्हणजे २२० ओहम. छोट्या एक टक्केवाल्यांवर ०१सी असं काहीतरी असतं, ०१ हा यादीतला क्रमांक म्हणजे १००, सी म्हणजे गुणिले १००, झाले १० के. रिपेअरला बसलात तर छापलेल्यावर जाऊ नका, एक टोक सोडवून मीटर लावा, सर्किटमध्ये तसाच मोजला तर शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी दाखवतो.