गाडी खाली घेण्याआधी जाम बोल्टांविषयी थोडे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

स्प्रिंग बदलून किंवा कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा जोड) बसवून गाडी खाली घेणे, म्हणजे तिची उंची कमी करणे, हे काम तसे सरळ आहे. ते लांबते आणि बिल फुगते ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: सस्पेन्शनचे अ‍ॅडजस्टमेंट बोल्ट वर्षानुवर्षे जागचे हललेले नसतात. हे बोल्ट सुटतील की कापावे लागतील, याचा निर्णय काम सुरू होण्याआधी तुमच्याशी बोलून व्हावा, एवढ्यासाठी हे पत्रक.

हे बोल्ट हलवायचेच कशाला?

गाडी खाली आली की आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे) कोन बदलतात आणि त्यांच्यासोबत चाकाचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) व टो (वरून पाहता चाकाच्या पुढच्या टोकाचा आत-बाहेर रोख) बदलतो. बहुतेक गाड्यांची चाके वरच्या बाजूने थोडी आत कलतात. कॅम्बर किंचित वाढला तर फारसे बिघडत नाही. टो चुकला तर मात्र टायर आतल्या कडेने भराभर झिजतो. बाहेरून पाहिले तर नवाकोरा आणि आतून तारा उघड्या, असा टायर दिसला की आम्ही आधी टोच तपासतो. म्हणून गाडी खाली घेतल्यावर अलाइनमेंट (चाकांचे हे कोन मोजून जुळवणे) टाळता येत नाही, आणि अनेक गाड्यांत, विशेषतः मागच्या मल्टिलिंक (एका चाकाला अनेक आर्म असलेल्या) सस्पेन्शनमध्ये, ती याच बोल्टांनी होते. काही गाड्यांना मागे अ‍ॅडजस्टमेंटच नसते. तुमची गाडी त्यांतली असेल तर तसे आधीच सांगू.

या बोल्टच्या डोक्याशी आणि नटाखाली एकेक गोल चकती असते, पण तिचा मध्य बोल्टच्या मध्यावर नसतो. त्यामुळे बोल्ट फिरवला की आर्मचे टोक थोडे आत किंवा बाहेर सरकते. अट एकच, बोल्ट मोकळा फिरला पाहिजे.

जाम नेमका कुठे होतो

बहुतेकांना वाटते, नट गंजलाय. नट बऱ्याचदा निमूट सुटतो. खरी पकड आत असते. आर्मच्या टोकाला रबरी बुश (सांध्यातले नरम अस्तर), बुशच्या पोटात पोलादी नळी आणि त्या नळीतून बोल्ट जातो. नळी आणि बोल्ट यांच्यातल्या बारीक फटीत पाणी आणि चिखल शिरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे ती फट ठासून भरते आणि बोल्ट व नळी एकजीव होतात.

ओळखायची खूण सोपी आहे. पाना लावला की बोल्ट थोडा फिरतो, आणि पाना सोडला की पिळलेल्या रबरी पट्ट्यासारखा परत मागे येतो. म्हणजे बोल्ट फिरलेलाच नसतो, बुशचे रबर पिळले गेलेले असते. इथे हट्टाने इम्पॅक्ट गन चालवली तर रबर फाटते, किंवा चकती ज्या कडांमध्ये बसते त्या ब्रॅकेटच्या कडा वाकतात. बुश बदलता येतो. वाकलेला ब्रॅकेट सबफ्रेमचा (सस्पेन्शन ज्याला बसते त्या सांगाड्याचा) भाग असतो, तिथे प्रकरण महाग होते.

आम्ही काय करतो

शक्य असेल तेव्हा गाडी दोन-तीन दिवस आधी थोडा वेळ मागवून घेतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल मारतो आणि रोज पुन्हा मारायला सांगतो. तेलाने नट सुटायला चांगली मदत होते. नळीच्या पूर्ण लांबीत ते क्वचितच पोचते, त्यामुळे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

सुरुवातीला जुनी जागा रंगाने खुणावून ठेवतो. मग सहा बाजूंचा सॉकेट आणि लांब दांडा घेऊन बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने असा मागेपुढे करतो. ठोकायची वेळ आली तर नट बोल्टच्या टोकाशी समपातळीत ठेवतो, म्हणजे आटे चेपत नाहीत.

त्यानंतर उष्णता. 20 मिमीचे पोलाद 300 अंशांनी तापले तर साधारण 0.07 मिमीच वाढते, पण गंजाची पकड तुटायला तेवढे पुरते. आम्ही शक्यतो ज्योतीऐवजी इंडक्शन कॉइल (विजेने धातू तापवणारे वेटोळे) वापरतो, कारण शेजारी ब्रेकचा होज, एबीएसची वायर, कधी कधी इंधनाची टाकी असते. तरी नळी तापली की रबर जळतेच. म्हणून नवा बुश घालायला तुमची संमती असल्याशिवाय नळी तापवत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मला ज्योत लावतच नाही. जास्त तापला तर त्याची ताकद कमी होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. लाल झालेला बोल्टही परत वापरत नाही.

आणि तरीही हटला नाही तर कापतो. बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीत करवतीचे पातळ पाते घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला की आर्म मोकळा होतो. ऐकायला हे आडदांड वाटते, पण आमच्या मते अर्धा दिवस ठोकाठोकीपेक्षा हाच स्वच्छ मार्ग आहे. नवा बोल्ट, नव्या चकत्या आणि नवा बुश किंवा तयार आर्म हाताशी ठेवूनच पाते लावतो. त्या जागी दुकानातला साधा बोल्ट चालत नाही. डोक्यावर 10.9 हा ताकदीचा आकडा असेल तर नवाही त्याच प्रतीचा, आणि त्याच गाडीसाठी बनवलेला लागतो.

बसवताना

बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारा लेप) लावतो, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत होणार नाही. आट्यांना मात्र लावत नाही. टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल आणि आटे ओले असतील, तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडीचे वजन चाकांवर, गाडी नव्या उंचीवर, आणि मग टॉर्क पाना. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि गाडीला थोडी वरही धरून ठेवतो. ‘गाडी म्हणावी तशी बसलीच नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच बघावे.

जुन्या कॉइलओव्हरची उंची ठरवणारी आट्यांची कडी जाम असेल तर आटे आधी ब्रशने पूर्ण साफ करा, तेल द्या, वरच्या स्प्रिंगचा भार उतरवा आणि हुक पानाच वापरा. छिन्नी मारलेली कडी पुन्हा कधी नीट फिरत नाही.

घरी करून पाहायचे असेल तर तेल मारण्यापर्यंत जरूर करा. पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली लांब दांडा ओढू नका.

वेळ ठरवताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि मागचे अलाइनमेंट कधी झाले ते सांगा. आधीचा अलाइनमेंटचा कागद असेल तर सोबत आणा. त्यात मागच्या चाकांचे आकडे लाल (मर्यादेबाहेर) राहिलेले दिसले, तर बोल्ट तेव्हाच जाम असण्याची शक्यता धरून आम्ही सुटे भाग आधीच मागवू. अलाइनमेंटच्या दिवशी डिकीतले जड सामान काढून या, नाहीतर उंची चुकीची मोजली जाते.