सगळ्यात पक्का गोंद गिटारला नको

मिरजेत सतार-तंबोऱ्यांची पिढीजात कारागिरी असल्यामुळे सांगलीकडची पोरं हल्ली गिटारही घरी बनवून बघतात. त्यांच्यात एक समज पक्का बसलाय: जो गोंद कधीच सुटत नाही, तोच भारी. म्हणून मग सगळीकडे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद.

हे चुकीचं आहे. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो असतो. वर्षानुवर्षांच्या या ओढीने गिटारची मान, म्हणजे पेटीला जोडलेली लांब दांडी, किंचित वाकते आणि कधीतरी ती काढून पुन्हा बसवावीच लागते. तेव्हा सांधा सुटायला हवा. सुटला नाही, तर लाकूड फाटतं.

सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, इथेच कामाचा. वाळला की काचेसारखा कडक, पण ऊब आणि ओल दिली की सुटतो. मात्र लावायचा गरम, साधारण ६० अंशांवर, आणि हात चपळ हवा. ते जमत नसेल तर सुतारकामाचा पिवळा गोंद घ्या. तोही वाफेने सुटतो. पांढरा गोंद खुर्चीला ठीक. गिटारच्या ब्रिजखाली, म्हणजे पेटीवर तारा अडकवायच्या पट्टीखाली, तो सततच्या ताणाने हळूहळू सरकतो, उन्हात तापलेल्या गाडीत तर जास्तच.

‘सरसाने आवाज खुलतो’ म्हणतात, तेही फार मनावर घेऊ नका. सांधा घट्ट बसला असेल तर गोंदाचा थर कागदाहून पातळ उरतो.